रेफ्युजीच्या पाकिटातले गणित

बीटी कपाशीच्या बियाण्याची पिशवी फोडली की आत आणखी एक लहान पाकीट निघत असे. मोठ्या पिशवीत ४५० ग्रॅम बीटी बियाणे आणि लहान पाकिटात १२० ग्रॅम बिगर-बीटी. गावोगावी त्याला ‘रेफ्युजी’ असेच म्हणत. ते शेताच्या कडेने लावायचे, अशी सूचना असे आणि बऱ्याच ठिकाणी ते पाकीट बांधावरच पडून राही. यात शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. पण ज्या झाडांवर अळी हमखास पडणार ती मुद्दाम पेरा, त्यांना खत घाला, त्यांचीही निंदणी करा आणि मग ती अळीला खाऊ द्या, असे सांगणाऱ्याने त्यामागचे कारणही सांगायला हवे होते. ते नीट कोणी सांगितले नाही. कारण ते कारण म्हणजे एक गणित होते आणि शेती खात्यापासून दुकानदारापर्यंत गणित सांगण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

ते गणित तसे अवघड नाही. बीटी विषाला दाद न देणारे जनुक बोंडअळीत हजारात एक इतके दुर्मीळ आहे, असे धरू. अळीला बीटी बोंड खाऊनही जगायचे, तर हे जनुक तिला आई आणि बाप अशा दोघांकडूनही मिळायला हवे. हजारात एक गुणिले हजारात एक, म्हणजे दहा लाख अळ्यांत एखादीच जगणार. या एका अळीचा पतंग झाला की त्याला जोडीदार लागतो. शेताच्या कडेला साध्या कपाशीच्या ओळी असल्या तर तिथून विषाला बळी पडू शकणारे हजारो पतंग उडत येतात आणि या एकट्याची गाठ त्यांच्यापैकीच कोणाशी तरी पडते. त्यांच्या संततीला प्रतिकाराचे जनुक एकाच बाजूने मिळते. ती बीटी बोंडात शिरली की मरते. कडेच्या ओळी नसल्या तर मात्र शेतात उरतात फक्त विष पचवून जगलेले पतंग. त्यांची जोडी आपसातच जमते आणि पुढची सगळी पिढी विष पचवणारी निघते. म्हणजे बांधावर पडलेले ते पाकीट बोंडअळीसाठी नव्हते. बोंडअळीचे लग्न चुकीच्या घरी जमावे, यासाठी होते.

पुढे काय झाले ते विदर्भाला सांगायला नको. बीटी कपाशीला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली, दोन जनुकांचे वाण २००६ मध्ये आले आणि २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यातल्या कपाशीचे हाल केले. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. याला केवळ रेफ्युजीचे पाकीट जबाबदार होते असे नाही. फरदड घेण्याच्या सवयीमुळे अळीला वर्षाचे बरेच महिने खायला मिळत राहिले, लांब मुदतीच्या संकरित वाणांनीही तिची सोय केली. पण हीच अळी आणि हेच तंत्रज्ञान अमेरिकेतल्या ॲरिझोनातही होते. तिथे १९९६ पासून बिगर-बीटी पट्टे काटेकोरपणे राखले गेले आणि दहा वर्षे अळी प्रतिकारक झाली नाही. नंतर तिथे वंध्य केलेले पतंग मोठ्या संख्येने सोडण्याची जोड दिली गेली आणि २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने कापसाच्या पट्ट्यातून गुलाबी बोंडअळी संपल्याचे जाहीर केले.

दोन देशांतला हा फरक ज्या शास्त्रातून आला, त्याला गणिती उत्क्रांतिशास्त्र म्हणतात. कीड, जंतू, कर्करोगाच्या पेशी यांच्यावर आपण औषधाचा मारा केला की त्या बदलतात. त्या किती वेगाने आणि कोणत्या दिशेने बदलतील, हे आधी कागदावर मांडून पाहण्याचे हे काम. यात पीएचडी करू इच्छिणाऱ्यांसाठी दर वर्षी युरोप-अमेरिकेत आणि भारतातही पूर्ण खर्चासकट जागा निघतात. शुल्क माफ, दरमहा पगार किंवा विद्यावेतन, परिषदांना जाण्याचा खर्च वेगळा. त्यातल्या अनेक जागांसाठी जीवशास्त्राची पदवी लागत नाही. गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र किंवा संगणकशास्त्र शिकलेली मुले त्यांना हवी असतात. यवतमाळ किंवा अमरावतीच्या महाविद्यालयात एम.एस्सी. गणित करणाऱ्या मुलीला या जागांचा पत्ता बहुधा लागत नाही. तिच्यासमोर पर्याय असतात ते बी.एड., बँकेची परीक्षा आणि सेट-नेट. ज्या जिल्ह्याचे पीक या गणिताच्या अज्ञानात गेले, त्याच जिल्ह्यातली गणित येणारी मुलगी त्या गणितापासून दूर राहते, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

हे शास्त्र उभे राहिले तेच मुळी अशा ‘बाहेरच्या’ माणसांवर. वर केलेला हजारात एक गुणिले हजारात एक हा हिशेब जी. एच. हार्डी यांच्या नियमावर उभा आहे. श्रीनिवास रामानुजन यांना केंब्रिजला बोलावून घेणारे ते हेच हार्डी. १९०८ मध्ये त्यांचे क्रिकेटमित्र आणि आनुवंशशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पनेट यांनी त्यांना एक शंका विचारली. बोटे आखूड असण्याचे लक्षण जर प्रभावी जनुकामुळे येत असेल, तर पिढ्यान्पिढ्या आखूड बोटांची माणसे वाढत का जात नाहीत? हार्डी यांनी ‘सायन्स’ नियतकालिकाला एक छोटे पत्र लिहून उत्तर दिले: निवडीचा दाब नसेल आणि जोड्या सरसकट जमत असतील, तर जनुकांचे प्रमाण पिढ्या उलटल्या तरी जसेच्या तसे राहते. त्यासाठी लागणारे गणित पाढ्यांच्या पातळीचे आहे, हेही त्यांनी काहीशा संकोचानेच नोंदवले. त्याच वर्षी जर्मनीत विल्हेल्म वाइनबर्ग या डॉक्टरांनी स्वतंत्रपणे हेच दाखवले, म्हणून नियमाला दोघांचे नाव लागले. आपले गणित कोणाच्या काही उपयोगाचे नाही, याचा हार्डी यांना आयुष्यभर अभिमान होता. त्यांच्या या पाढ्याचा उपयोग कपाशीच्या शेतात झाला, हे त्यांना फारसे रुचले नसते.

शेतातले हेच गणित माणसाच्या शरीरातही चालते. क्षयरोगावर एकाच वेळी तीन-चार औषधे का देतात, याचे उत्तर याच गुणाकारात आहे. आयसोनियाझिडला दाद न देणारा जंतू ढोबळमानाने दहा लाखांत एक असतो, रिफाम्पिसिनला न जुमानणारा दहा कोटींत एक. फुप्फुसातल्या क्षयाच्या एका पोकळीत दहा कोटी ते शंभर कोटी जंतू असू शकतात. म्हणजे एकच औषध दिले तर त्याला पुरून उरणारे जंतू आत आधीपासूनच बसलेले आहेत. दोन्ही औषधे एकदम दिली तर दोन्हींना पुरून उरणारा जंतू शंभर लाख कोटींत एक. तो त्या पोकळीत सापडण्याची शक्यता नगण्य. रुग्णाने मध्येच एखादी गोळी सोडली, की हा गुणाकार मोडतो. ‘बरे वाटले म्हणून औषध थांबवू नका’ हा सरकारी फलकावरचा उपदेश म्हणजे खरे तर गणिताचे एक वाक्य आहे.

कर्करोगात मात्र याच शास्त्राने अगदी उलटे वाटणारे उत्तर दिले आहे. अमेरिकेत फ्लॉरिडातल्या मॉफिट कर्करोग केंद्रात गणिती कर्करोगशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. तिथले रॉबर्ट गेटनबी हे मूळचे रेडिओलॉजिस्ट. त्यांचा प्रश्न असा की, पसरलेला प्रोस्टेट कर्करोग औषधाने पूर्ण बरा होणारच नसेल, तर औषधाला बळी पडणाऱ्या सगळ्या पेशी मारून टाकण्याची घाई कशासाठी? त्या मेल्या की उरलेल्या प्रतिकारक पेशींना मैदान मोकळे मिळते. म्हणून त्यांच्या गटाने रुग्णाच्या रक्तातील पीएसएची पातळी निम्म्यावर आली की अबिरॅटेरोन हे औषध थांबवले आणि पातळी मूळ आकड्यावर परतली की पुन्हा सुरू केले. औषधाला बळी पडणाऱ्या पेशी मुद्दाम जगू द्यायच्या आणि त्यांच्याकरवीच प्रतिकारक पेशींना रोखून धरायचे. हा कपाशीच्या कडेचा पट्टाच आहे, फक्त शरीरातला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आजार पुन्हा बळावेपर्यंतचा मध्यक कालावधी नेहमीच्या उपचारात १४.३ महिने होता, तो या पद्धतीत ३३.५ महिने झाला, आणि औषधही बरेच कमी लागले. दोन्ही गटांत मिळून अवघे ३३ रुग्ण होते आणि कोणाला कोणता उपचार द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. त्यामुळे यावरून कोणी आपली गोळी परस्पर बंद करू नये. पण किती उतरल्यावर थांबायचे आणि केव्हा पुन्हा सुरू करायचे, हे आधी समीकरणांवर तपासले गेले होते, ही यातली लक्षात घेण्याची बाब.

या शास्त्राचा भारताशी संबंध जुना आहे आणि तो फारसा कोणाला आठवत नाही. जे. बी. एस. हाल्डेन हे या शास्त्राच्या तीन संस्थापकांपैकी एक. रोनाल्ड फिशर आणि सिवॉल राइट हे दुसरे दोघे. हाल्डेन यांच्याकडे विज्ञानाची पदवी नव्हती. ऑक्सफर्डमध्ये ते गणित आणि ग्रीक-लॅटिन शिकले. इंग्लंडच्या औद्योगिक भागातल्या मँचेस्टर येथे एका पतंगाची काळी जात १८४८ मध्ये पहिल्यांदा नोंदली गेली आणि शतक संपता संपता तिथे जवळपास सगळे पतंग काळे झाले. एवढ्या थोड्या वर्षांत हा बदल व्हायचा तर काळ्या पतंगाला फिकट पतंगाच्या सुमारे दीडपट संतती मागे ठेवावी लागेल, असा हिशेब हाल्डेन यांनी १९२४ मध्ये मांडला. निवडीचा वेग आकड्यात मोजता येतो, हे तेव्हा अनेकांना खरे वाटले नाही. हेच हाल्डेन १९५७ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे त्यांचे निधन झाले. त्यांचेच शिष्य जॉन मेनार्ड स्मिथ हे आधी विमानांचे अभियंता होते. प्राण्यांच्या झुंजींना खेळांचे गणित लावणारा त्यांचा आणि जॉर्ज प्राइस यांचा १९७३ चा निबंध आजही या विषयाच्या पहिल्या वर्षाला शिकवतात.

हाल्डेन यांच्या त्या पतंगाचा हिशेब २०२१ च्या फेब्रुवारीत अमरावतीला लागू पडत होता. तिथे करोनाचे रुग्ण अचानक वाढू लागले आणि पुन्हा टाळेबंदी लागली. मार्चच्या २४ तारखेला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले की महाराष्ट्रातल्या नमुन्यांत दोन विशिष्ट उत्परिवर्तने असलेल्या विषाणूंचे प्रमाण डिसेंबरच्या तुलनेत वाढले असून ते १५ ते २० टक्क्यांवर गेले आहे. त्याच कुळातल्या एका प्रकाराला जागतिक आरोग्य संघटनेने मे महिन्याच्या अखेरीस ‘डेल्टा’ हे नाव दिले. तोवर दुसऱ्या लाटेने देशाला गाठलेही होते.

१५-२० टक्के हा आकडा वरवर पाहता घाबरवणारा नाही. नव्या आणि जुन्या प्रकारांचे गुणोत्तर दर आठवड्याला किती पटीने वाढते, हा प्रश्न विचारला की तो घाबरवतो. समजा ते दर आठवड्याला दीडपट होते आहे. मग आज पाच टक्क्यांवर असलेला प्रकार चार आठवड्यांत एकवीस टक्क्यांवर जातो, आठ आठवड्यांत सत्तावन्नवर आणि बारा आठवड्यांत सत्त्याऐंशीवर. म्हणजे पाच टक्क्यांवर असतानाच शेवट दिसू लागतो. त्यासाठी दर आठवड्याला नियमित नमुने, त्यांचे जनुकक्रम आणि ही रेघ ओढून तिच्या अनिश्चिततेसह सरकारला समजावून सांगणारी माणसे लागतात. स्वित्झर्लंड आणि ब्रिटनमध्ये हे काम विद्यापीठांतल्या ज्या गटांनी केले, त्यात पीएचडीचे विद्यार्थी होते. हंगामी फ्लूची लस दर वर्षी बदलावी लागते. तिच्यात कोणता प्रकार घालायचा हे ठरवण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची बैठक वर्षातून दोनदा होते, आणि पुढच्या वर्षी फ्लूचा कोणता प्रकार वरचढ ठरेल, याचा अंदाज बांधण्याची गणिते २०१४ पासून गांभीर्याने घेतली जाऊ लागली. ती मांडणारे मिखाएल लेसिग आणि मार्ता लुक्शा यांच्यापैकी लेसिग हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ.

ही माणसे तयार कशी होतात? उत्तर अगदी साधे, पगार देऊन. जर्मनीत पीएचडीचा विद्यार्थी बहुतेक ठिकाणी विद्यापीठाचा किंवा संस्थेचा कर्मचारी असतो. त्याचा करार अनेकदा पूर्ण वेतनाच्या ६५ टक्क्यांचा असतो आणि काम शंभर टक्क्यांचे, यावर तिकडचे विद्यार्थीही कडवट हसतात. पण करार असतो, आरोग्य विमा असतो, आणि पगार महिन्याच्या महिन्याला होतो. उत्तर जर्मनीतल्या प्लोन या तळ्याकाठच्या गावी माक्स प्लांक संस्थेचे उत्क्रांतिशास्त्राचे केंद्र आहे. तिथे सैद्धांतिक जीवशास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. व्हिएन्नाजवळच्या क्लोस्टरनॉयबुर्ग येथील ऑस्ट्रियाची विज्ञान-तंत्रज्ञान संस्था, जिथे निक बार्टन यांचा गट हेच काम करतो, पदवीनंतर थेट पीएचडीला घेते आणि कोणत्या विषयात काम करायचे हे पहिले वर्ष फिरून पाहिल्यावर ठरवू देते. तिचे अर्ज जानेवारीच्या सुरुवातीला बंद होतात. अमेरिकेत शुल्कमाफी आणि विद्यावेतन मिळते, त्याच्या बदल्यात पदवीच्या वर्गांना शिकवावे लागते, आणि पाच-सहा वर्षे जातात. ब्रिटनमध्ये सरकारी निधीच्या जागा २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांना खुल्या झाल्या, पण त्यांचे प्रमाण प्रत्येक अनुदानात तीस टक्क्यांपर्यंतच ठेवलेले आहे, त्यामुळे जाहिरात नीट वाचावी लागते. आणि एक खूणगाठ गावोगावच्या मुलांनी बांधून ठेवावी: पूर्ण खर्चाच्या पीएचडीसाठी दलालाला पैसे द्यावे लागत नाहीत. कोणी लाख-दोन लाख मागत असेल तर ती जागा खर्चाची नाही किंवा मुळात जागाच नाही.

या अर्जांत संभाव्यता, कलनशास्त्र, सारणींचे गणित आणि पायथन किंवा आर यांपैकी एखाद्या भाषेत प्रोग्राम लिहिण्याची सवय पाहिली जाते. एखाद्या शोधनिबंधातले समीकरण स्वतः पुन्हा मांडून, त्याचे चित्र काढून, ते कुठे मोडते हे दोन पानांत लिहिलेले असेल, तर ते गुणपत्रिकेहून जास्त बोलते. जीवशास्त्र पुढे शिकता येते, आणि ते शिकवण्याची तयारी त्या संस्थांची असते.

पगार आणि सोबत दोन्ही का लागतात, हे बिल हॅमिल्टन यांच्या उदाहरणावरून कळते. मुंग्या आणि मधमाश्यांमधली कामकरी मादी स्वतः संतती न करता राणीची का वाढवते, या डार्विनलाही छळणाऱ्या प्रश्नाचे गणित त्यांनी १९६० च्या दशकात लंडनमध्ये पीएचडी करताना सोडवले. तेव्हा त्यांच्याभोवती हा विषय समजणारे फारसे कोणी नव्हते. भाड्याच्या खोलीतला एकटेपणा असह्य झाला की ते संध्याकाळी वॉटर्लू रेल्वे स्थानकावर जाऊन, गर्दीत बाकावर बसून समीकरणे लिहीत. त्यांचे दोन निबंध १९६४ मध्ये आले आणि त्यांनी प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यासच बदलून टाकला. पीएचडी मात्र मिळाली ती १९६८ मध्ये. हॅमिल्टन टिकले. त्याच बाकावरून उठून दुसरी नोकरी धरलेल्यांची नावे कोणाला माहीत असण्याचे कारण नाही.

हॅमिल्टन यांचा नियम प्रत्यक्ष तपासण्याचे मोठे काम पुढे भारतात झाले. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी आपल्याच अंगणात दिसणाऱ्या गांधीलमाशीच्या पोळ्यांवर वर्षानुवर्षे ते केले. त्या संस्थेतले पर्यावरणशास्त्र केंद्र १९८३ मध्ये उभे केले पुण्याच्या माधव गाडगीळ यांनी. पश्चिम घाटाच्या अहवालामुळे त्यांचे नाव घराघरांत गेले. पण फर्ग्युसन महाविद्यालयात शिकून हार्वर्डला गेलेल्या गाडगीळ यांनी १९६९ मध्ये तिथे पीएचडी मिळवली ती गणिती पर्यावरणशास्त्रात. प्राण्याने आयुष्यात प्रजननावर केव्हा आणि किती शक्ती खर्च करावी, याचा हिशेब मांडणारा त्यांचा आणि विल्यम बॉसर्ट यांचा १९७० चा निबंध या विषयात आजही संदर्भासाठी काढला जातो. जंगल आणि आकडे एकाच डोक्यात नांदू शकतात, याचे मराठी उदाहरण इतके जवळचे आहे.

आज भारतात ही वाट अधिक रुंद आहे. पुण्याची आयसर, बंगळूरुचे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र, भारतीय विज्ञान संस्था आणि जवाहरलाल नेहरू केंद्र, चेन्नईची गणिती विज्ञान संस्था अशा ठिकाणी उत्क्रांतीचे सिद्धांत आणि प्रयोग करणारे गट आहेत. नेट, गेट, जेस्ट यांसारख्या परीक्षांतून तिथे जाता येते. सीएसआयआर-यूजीसीची कनिष्ठ फेलोशिप जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे, वरिष्ठ ४२,००० रुपये, घरभाडे वेगळे. पंतप्रधान संशोधन फेलोशिपची रक्कम ७०,००० पासून सुरू झाली, पण ती मोजक्या संस्थांतल्या मोजक्यांना मिळते. कागदावर हे आकडे वाईट नाहीत. वाईट आहे ते त्यांचे वेळापत्रक. तीन-चार महिने फेलोशिप न येणे ही देशभरातल्या संशोधक विद्यार्थ्यांची नित्याची तक्रार आहे. घरमालक, खानावळ आणि गावाकडचे आईवडील यांना ‘वापर प्रमाणपत्र अडकले आहे’ हे कारण समजत नाही, आणि समजायचेही कारण नाही. बार्टी, सारथी, महाज्योती यांच्या फेलोशिपसाठी तर महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांना मुंबईत येऊन उपोषणाला बसावे लागले. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात याच फेलोशिपची चर्चा निघाली तेव्हा, पीएचडी करून ही मुले काय दिवे लावणार, असा प्रश्न सत्ताधारी बाकांवरून विचारला गेला. तो नागपुरात, म्हणजे कपाशीच्या मुलखाच्या राजधानीत, आणि २०१७ नंतर सहाच वर्षांनी विचारला गेला.

प्रश्न विचारणाऱ्याची चूक नाही असेही म्हणता येईल, कारण अनेक विद्यापीठांत पीएचडी ही बढतीच्या पायरीपुरती उरली आहे आणि तिथले प्रबंध उघडायला कोणी जात नाही. ही तक्रार खरी आहे. पण तिचा उपाय फेलोशिप अडवणे हा नाही. ज्या संस्था पूर्ण पगार देतात, त्या निवडही तितकीच कठोर करतात. पैसे देणाऱ्याला काम मागण्याचा हक्क राहतो. फुकटात किंवा उधारीवर संशोधन करून घेणाऱ्याला तो राहत नाही.

आणि फेलोशिप वेळेवर आली तरी दुसरी भिंत त्याच्या खूप आधी उभी असते. ती अकरावीच्या प्रवेशाच्या अर्जात असते. डॉक्टर व्हायचे ठरलेला मुलगा गणित सोडतो, इंजिनीअर व्हायचे ठरलेला जीवशास्त्र. राज्याच्या सीईटीचे गटही तसेच विभागलेले आहेत. पंधरा वर्षांच्या मुलाने, शेजारच्या क्लासच्या फलकाकडे पाहून केलेली ही निवड पुढे पदवी, पदव्युत्तर, सेट-नेट अशी घट्ट होत जाते. प्राणिशास्त्राच्या विभागात डार्विन शिकवतात तो हार्डी आणि हाल्डेन यांच्या समीकरणांना वळसा घालून. गणिताच्या विभागात अवकल समीकरणे शिकवतात आणि उदाहरण देतात ते लोलकाचे किंवा स्प्रिंगचे, बोंडअळीचे नाही. हे बदलायला नवे विद्यापीठ लागत नाही. गणिताच्या एम.एस्सी.ला एक पर्यायी पेपर जनुकांच्या गणिताचा ठेवता येतो, आणि कृषी विद्यापीठातल्या कीटकशास्त्राच्या विभागाने तो शिकवायला शेजारच्या गणिताच्या प्राध्यापकाला बोलावता येते. अकोला आणि परभणीला हे करण्याइतके काम समोर पडले आहे.

ते काम कोणते, हेही कपाशीच्या पिशवीतच आहे. रेफ्युजीचे वेगळे पाकीट कोणी लावत नाही हे ध्यानात आल्यावर बिगर-बीटी बियाणे मोठ्या पिशवीतच मिसळून देण्याची पद्धत आली. आता शेतकऱ्याला काही फेकता येत नाही. पण मिसळलेल्या शेतात बीटी आणि साधी झाडे शेजारीशेजारी असतात आणि त्यांच्यात परागकणांची देवाणघेवाण होते, त्यामुळे साध्या झाडाच्या बोंडातही विष असलेल्या सरक्या निघतात. अशा बोंडात अळीला अर्धवट मात्रा मिळाली, तर एकाच बाजूने प्रतिकाराचे जनुक मिळालेल्या अळ्याही जगू लागतील का? तसे असेल, तर मिश्रणात बिगर-बीटीचे प्रमाण किती ठेवावे, आणि फरदड तशीच चालू राहिली तर त्या प्रमाणाला काही अर्थ उरतो का? जिरायती कपाशी, दोन-पाच एकरांची शेते आणि बांधाला लागून बांध असलेल्या विदर्भासाठी याचे उत्तर ॲरिझोनाच्या समीकरणात तयार मिळणार नाही. ते इथल्या आकड्यांवर मांडावे लागेल, आणि मांडणाऱ्याला चार-पाच वर्षे, एक संगणक आणि महिन्याच्या एक तारखेला पगार लागेल.